गृहबांधणीचा निर्देशांक आणि गोंदियाचे घरकूल

६ जून २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने रेपो दर अर्ध्या टक्क्याने उतरविला आणि त्याच दिवशी राष्ट्रीय शेअर बाजारातील गृहबांधणी कंपन्यांचा निर्देशांक, निफ्टी रिअल्टी, चार टक्क्यांहून अधिक वर चढला. बाजाराच्या भाषेत ह्याला गृहबांधणी क्षेत्रातील उत्साह म्हणतात. गोंदिया जिल्ह्यातील सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव ह्या तालुक्यांत मात्र त्या उत्साहापोटी एकाही भिंतीवर एकही वीट अधिक चढली नाही. मग हा उत्साह कोणाचा आणि कशाविषयीचा, हे तपासणे अगत्याचे आहे. कारण 'बाजार तेजीत म्हणजे देशात घरे होत आहेत' हा समज आता आपल्या सहानुभूतिदारांतही पसरू लागला आहे.

२०२४ च्या मार्चमध्ये ह्या निर्देशांकावर आधारलेला एक्स्चेंज ट्रेडेड फंड भारतीय बाजारात आला. त्याची रचना सोपी आहे. निर्देशांकात दहा बड्या कंपन्या आहेत. त्यांचे शेअर ठरावीक प्रमाणात घेऊन फंड आपले युनिट काढतो, आणि ते युनिट एखाद्या शेअरप्रमाणे बाजारात दिवसभर हातोहात फिरते. गोंदियातील एखाद्या शिक्षकाने असे युनिट घेतले म्हणजे त्याचे पैसे घरबांधणीत गेले काय? मुळीच नाही. ते दुसऱ्या एका गुंतवणूकदाराच्या खिशात गेले. फंडाने नवे युनिट काढले, तरी तो जुनेच शेअर कोणाकडून तरी विकत घेतो. कागदाचा धनी बदलतो, एवढेच. कंपनीला नवे भांडवल मिळते ते ती नवे शेअर विकावयास काढते तेव्हा. आणि मिळालेल्या भांडवलाचे ती काय करते, हा पुढचा प्रश्न.

अशा कंपनीचा नफा पुष्कळसा जमिनीच्या वाढत्या किमतीतून येतो. स्वस्तात अडवून ठेवलेली जमीन महागात विकणे हा ह्या धंद्याचा गाभा. सिमेंट आणि सळई ही त्याची वेष्टने. म्हणजे घर ज्याच्या आवाक्याबाहेर गेले त्याची निराशा आणि युनिटधारकाचा आनंद ही एकाच घटनेची दोन नावे होत. २०२४ च्या डिसेंबरमध्ये गुरुग्राममधील एक निवासस्थान १९० कोटी रुपयांस विकले गेले. बाजाराला हर्ष होतो तो अशा वार्तेने.

बरे, हा हर्ष टिकाऊ तरी आहे काय? अमेरिकेत गृहबांधणी कंपन्यांचे दोन प्रमुख एक्स्चेंज ट्रेडेड फंड २००६ साली निघाले. तेथील घरांच्या किमती तेव्हा शिखरावर होत्या, आणि पुढच्या दोन वर्षांत तो सारा डोलारा कोसळून लक्षावधी कुटुंबे बेघर झाली. आपल्या निफ्टी रिअल्टीचा आधारही डिसेंबर २००६ चा, आधारमूल्य १०००. २००८ च्या आरंभी १८०० च्या वर गेलेला हा निर्देशांक वर्षभरात गडगडला आणि पुन्हा हजारापर्यंत यावयास २०२४ साल उजाडले. डीएलएफ कंपनीने २००७ मध्ये ५२५ रुपयांस शेअर विकला. तो धरून ठेवणाऱ्यास ती किंमत पुन्हा दिसली २०२३ मध्ये. सोळा वर्षांची महागाई जमेस धरावी, म्हणजे छोट्या गुंतवणूकदाराच्या पदरात काय पडले ते कळेल. केन्सने १९३६ मध्येच दाखविले होते की सट्टेबाज वस्तूचे मोल पाहत नाही, इतरांना ते उद्या किती वाटेल ह्याचा अंदाज बांधतो. गुंतवणूकदारांची भावना म्हणून जी मोजली जाते ती हीच.

आता गोंदियाकडे वळू. २०२० च्या ऑगस्टअखेर वैनगंगेला पूर आला तेव्हा नदीकाठची मातीच्या भिंतींची, कवेलूंच्या छपरांची घरे बसली. अशा कुटुंबांसाठी प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण आहे. दुर्गम व नक्षलग्रस्त भागांसाठी तिची मदत १ लाख ३० हजार रुपये. हा आकडा २०१६ चा. २०२४ मध्ये केंद्राने योजना २०२८-२९ पर्यंत वाढविली, आणखी दोन कोटी घरांचे लक्ष्य ठेवले, आकडा मात्र तोच ठेवला. २०२५ मध्ये राज्याने ५० हजारांची भर घोषित केली, त्यातही १५ हजार सौरयंत्रासाठी. किमान २५ चौरस मीटरचे घर ह्यात उभे करावयाचे, आणि हप्ता मिळावयाचा तो कामाची छायाचित्रे चढविल्यावर. पहिल्या हप्त्यात पाया होत नाही म्हणून सावकाराकडे गेलेल्या माणसाची 'भावना' कोणत्या निर्देशांकात मोजतात?

धानकापणी आटोपली की ह्याच तालुक्यांतील माणसे नागपूर, हैदराबाद, पुण्याच्या बांधकामांवर जातात. ज्या इमारतींच्या विक्रीवर बाजार उसळतो त्यांच्या विटा असेच हात वाहतात. बांधकामे वाढली तर रोजगार वाढतो, असे ह्यावर सांगितले जाईल. वाढतो हे खरे. पण कोणत्या अटींवर? १९९६ च्या कायद्याने बांधकाम खर्चावर किमान एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी बसविला. नोंदणीस मात्र वर्षात ९० दिवस बांधकामावर असल्याची अट घातली, आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती सोडलेली नाही. आज ह्या ठेकेदाराकडे तर महिन्याने दुसऱ्या शहरात दुसऱ्याकडे राबणाऱ्यास तो दाखला द्यावा कोणी?

युनिट घेणाऱ्या शिक्षकाला येथे दूषणे देण्याचे कारण नाही. नोव्हेंबर २००५ नंतर सेवेत आलेल्यांची जुनी निवृत्तिवेतन योजना राज्याने काढून घेतली, आणि ती परत मिळावी म्हणून मार्च २०२३ मध्ये लाखो कर्मचारी संपावर गेले. म्हातारपणाची तरतूद ज्याने त्याने बाजारात शोधावी हे सरकारनेच ठरविले. मग तो बाजाराकडे डोळे लावून बसला तर नवल ते काय? त्याच्याशी भांडू नये, त्याला घरकुलाच्या यादीपाशी आणावे.

ह्या शिक्षकाचा महागाई भत्ता ग्राहक किंमत निर्देशांकाला जोडलेला आहे. सिमेंट व लोखंड ह्यांच्या किमती घाऊक किंमत निर्देशांकात सरकार स्वतःच दरमहा नोंदविते. मग घरकुलाची रक्कम त्या नोंदीला जोडावयास कोणती तांत्रिक अडचण आहे? गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी अस्तित्वात आला, आणि त्याच तारखेला गावोगावी ग्रामसभा भरतात. येत्या १ मे रोजी आठही तालुक्यांतील कार्यकर्त्यांनी हा एक ठराव मांडावा, आणि गावातून कामावर गेलेल्या मजुरांच्या ९० दिवसांची नोंद ग्रामपंचायतीतच व्हावी हा दुसरा.