निमित्तमात्रांची पळवाट

डीट्रिख बोनहोफर या जर्मन लूथरपंथी धर्मोपदेशकाचे नाव निघाले, की आम्हां नोकरदारांत त्याला दुरून नमस्कार करून विषय संपविण्याची रीत आहे. तो धर्मवेत्ता, हुतात्मा; आपण पडलो हुकुमाचे ताबेदार, असे म्हटले की झाले! हा नमस्कार भक्तीचा नसून पळवाटेचा आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

बोनहोफर १९०६ साली ब्रेस्लाऊ येथे जन्मला. वडील नामांकित मनोविकारतज्ज्ञ. एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट, १९३१ पासून बर्लिन विद्यापीठात अध्यापन आणि त्याच वर्षी धर्मोपदेशकाची दीक्षा. अशा विद्वानाचे आयुष्य ग्रंथांच्या सहवासात सुखाने गेले असते. त्याची पहिली कसोटी लागली ती मात्र एका सेवानियमाने. ७ एप्रिल १९३३ रोजी 'नागरी सेवेच्या पुनःस्थापने'चा कायदा झाला आणि ज्यू वंशाचे लोक सरकारी नोकरीतून काढले जाऊ लागले. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने तोच नियम आपल्या उपदेशकांना लावला. ही कागदपत्रे कोणी राक्षसांनी नव्हे, तुमच्याआमच्यासारख्या कारकुनांनी आणि अधिकाऱ्यांनीच रंगविली. चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करणे पुरेसे नाही, प्रसंगी ते चाकच अडविले पाहिजे, असा विचार बोनहोफरने त्याच वर्षी मांडला.

लूथरपंथात राजसत्तेच्या आज्ञापालनाचे संस्कार आमच्यापेक्षा कमी नव्हते. किंबहुना अधिकच होते. १९३८ साली हिटलरशी एकनिष्ठतेची शपथ मागितली गेली, तेव्हा बहुसंख्य उपदेशकांनी ती घेतली. तोवर बोनहोफरचा अध्यापनाचा अधिकार काढून घेतला गेला होता आणि फिंकेनवाल्डेचे त्याचे धर्मविद्यालय पोलिसांनी बंद केले होते. १९३९ साली अमेरिकेत सुरक्षित आश्रय मिळत असता तो काही आठवड्यांतच मायदेशी परतला. आज्ञा पाळण्यात जर्मन माणूस तरबेज झाला, परंतु स्वतःच्या जबाबदारीवर कृती करण्याचे नागरी धैर्य त्याला लाभले नाही, हे निदान त्याने १९४२ च्या अखेरीस मित्रांसाठी लिहून ठेवले.

कोणी म्हणेल, संन्याशाला हे शोभते. संसारी अधिकाऱ्याने काय करावे? त्याचा मेहुणा हान्स फॉन डोनान्यी संसारीच होता. न्यायखात्यात अधिकारी असताना त्याने राजवटीच्या गुन्ह्यांची नोंद गुप्तपणे जमविली. पुढे लष्करी गुप्तवार्ता खात्यात राहून, तिथलेच कागद वापरून, १९४२ साली ज्यूंच्या एका लहानशा गटाला त्याने स्वित्झर्लंडला पोहोचविले. दप्तर तेच, लेखणी तीच. फरक फक्त हाताचा. दोघेही एप्रिल १९४५ मध्ये मारले गेले.

आणि 'रीतसर कार्यवाही'वर ज्यांची श्रद्धा आहे, त्यांनी पुढचे ऐकावे. ९ एप्रिल १९४५ रोजी फ्लोसेनबुर्गच्या छावणीत बोनहोफरला फाशी दिले, तेही खटला चालवून. न्यायाधीश होता, अभियोक्ता होता. नव्हता तो आरोपीचा वकील. १९५६ साली पश्चिम जर्मनीच्या सर्वोच्च न्यायालयाने त्या न्यायाधीशाला निर्दोष सोडले. तत्कालीन कायद्याप्रमाणे तो वागला, हा त्याचा बचाव ठरला. ती शिक्षा रद्दबातल असल्याचे बर्लिनच्या न्यायालयाने जाहीर करण्यास १९९६ साल उजाडावे लागले.

प्रत्येकाने कटात सामील व्हावे, असे आम्ही म्हणत नाही. आमच्यापुढचा प्रश्न फाशीचा नाही. तो बढतीचा, बदलीचा, वरिष्ठांच्या नाराजीचा आहे. टिपणीवर भिन्न मत नोंदविण्याची सोय आम्हांस आहे. अन्याय्य कागद पुढे आला असता तेवढे चार शब्द लिहिण्याची छाती ज्याला होत नाही, त्याने मुलांना रामशास्त्र्यांची गोष्ट सांगू नये आणि बोनहोफरला हारही घालू नये. निमित्तमात्र म्हणविणाऱ्यांच्या सहीवाचून जगातला कोणताही अन्याय अंमलात आलेला नाही.