गोंगाटाला लगाम, पण मुदतीचा

नियम म्हटला की शेतकऱ्याला धडकीच भरते. पण नियम कसा करावा याचा एक नमुना पाहण्याजोगा आहे. लंडनच्या नाइट्सब्रिज भागात धनिकांची पोरे उन्हाळ्यात रात्री-अपरात्री महागड्या मोटारी गुरगुरवत, शर्यती लावत. रहिवाशांची झोप उडाली. २०१५ साली केन्सिंग्टन आणि चेल्सीच्या पालिकेने २०१४ च्या कायद्याच्या आधारे मनाईचा आदेश काढला.

या कायद्याची रीत समजून घ्यावी. आदेशापूर्वी पोलिसांशी आणि स्थानिक लोकांच्या प्रतिनिधींशी सल्लामसलत करावीच लागते. मनाई ठरावीक हद्दीत, ठरावीक वागण्यापुरती. मोटार बाळगणे हा गुन्हा नाही. तिच्या आवाजाने लोकांना छळणे हा गुन्हा. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षे. पुढे चालवायचा तर गरज पुन्हा दाखवावी लागते.

आपल्याकडे एकदा आलेला निर्बंध सहसा जात नाही. सायलेन्सर काढलेल्या मोटारसायकली, रात्री कर्णे लावून धावणारे उसाचे ट्रॅक्टर यांना आळा हवाच; त्यात आपलीच पोरे असली तरी. मात्र ठराव करताना ग्रामसभेने विचारावे: त्रास नेमका कोणता, कोठे आणि मनाई किती दिवस? नाही तर पहाटे नांगरटीला निघालेला ट्रॅक्टरच आधी अडवला जाईल.