उपकाराचे भय

"तुम्हांला उगाच त्रास कशाला?" हे वाक्य अलीकडे आपल्या सुशिक्षित समाजात सभ्यतेची परिसीमा मानले जाते. आम्ही मात्र त्यास एक मोठा सामाजिक दोष समजतो, आणि तसे का समजतो हे सांगण्यासाठीच प्रस्तुत लेखाचा प्रपंच आहे.

आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एक वृद्ध दांपत्य राहते. मुलगा परदेशी असतो. गेल्या पावसाळ्यात आजींचा पाय घसरून खुब्याचे हाड मोडले. आजोबांनी रुग्णवाहिका बोलावली, शस्त्रक्रियेच्या कागदांवर सह्या केल्या, दोन वेळचा डबा बाहेरून लावला आणि आठ दिवस घर व रुग्णालय अशा खेपा एकट्याने घातल्या. आम्हांस ही वार्ता नवव्या दिवशी कळली, आणि तीही इस्त्रीवाल्याकडून! आम्ही काहीशा रागानेच वर गेलो. "अहो आजोबा, एक हाक मारायची नाही का?" तेव्हा आजोबा ओशाळून म्हणाले, "तुम्हांला उगाच त्रास कशाला?" जिना उतरताना आमच्या ध्यानात आले की, रागावण्याचा अधिकार आम्हांसही नव्हता. महिन्यापूर्वी आमचे सारे घर तापाने आडवे झाले असता "थोडी पेज करून द्याल का?" असे विचारण्यास आम्ही तरी वर कुठे गेलो होतो? गुन्हा एकच आणि आरोपी दोघेही!

हा केवळ आमच्या जिन्यावरचा प्रश्न असता तर वाचकांचा वेळ आम्ही घेतला नसता. परंतु साऱ्या जगासच या रोगाने घेरले आहे. ब्रिटनच्या सरकारने २०१८ साली एकाकीपणाचा प्रश्न एका मंत्र्याकडे सोपविला. जपानने २०२१ साली तोच मार्ग धरला. जागतिक आरोग्य संघटनेने २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात दर सहा माणसांमागे एकास एकाकीपणाची बाधा आहे असे सांगून, त्यापायी दरवर्षी सुमारे ८ लाख ७१ हजार मृत्यू ओढवत असल्याचा अंदाज दिला आहे. आणि ही केवळ वृद्धांची व्यथा आहे असेही नाही; तरुणांतही तिचे प्रमाण मोठे असल्याचे तोच अहवाल सांगतो.

याचे कारण विचारले की, बहुतेक विद्वान खिशातल्या दूरध्वनीकडे बोट दाखवितात. निदान सोपे आहे, म्हणूनच आम्हांस ते अपुरे वाटते. यंत्राने आमची मैत्री हिरावून घेतली नाही. मैत्रीपासून दूर राहण्याची जी इच्छा आमच्या मनात आधीच रुजली होती, ती पुरविण्याची सोय तेवढी त्याने करून दिली. पूर्वी स्नेह्याच्या घरी जाताना आगाऊ वर्दी देणे परकेपणाचे वाटे. आज न कळविता दारात उभे राहणे हा अपराध ठरतो. इतकेच काय, "फोन करू का?" असे आधी लिहून विचारल्याशिवाय फोन करणेही आता उद्धटपणाचे झाले आहे! हा नियम यंत्राने केलेला नाही. तो आम्ही केला आहे. कोणाचे काही लागू नये, कोणाचे मिंधे होऊ नये, यालाच आम्ही प्रतिष्ठा समजू लागलो आहोत.

या प्रतिष्ठेचे मोल काय पडले हे पाहावयाचे असेल तर एका साध्या वाटीचा विचार करावा. वाड्यात किंवा चाळीत साखर सरली की शेजारी वाटी जाई. ती परत करताना रिकामी देऊ नये असा प्रघात होता. साखरेच्या वाटीतून चार दिवसांनी लिंबाचे लोणचे येई, लोणच्याच्या वाटीतून नारळाच्या वड्या जात. या देवघेवीचा हिशेब कधीच पुरा होत नसे, आणि तो पुरा होऊ नये हीच त्या रीतीमागची खरी योजना होती. ज्याचे देणे फिटले त्याच्याकडे पुन्हा जाण्याचे कारण उरत नाही. आज साखर सरली तर दहा मिनिटांत एक अनोळखी तरुण ती दारात आणून ठेवतो. आम्ही पैसे चुकते करतो आणि दार लावतो. कोणी कोणाचे देणे लागत नाही, म्हणून कोणास कोणाकडे जावे लागत नाही! आजाऱ्याच्या उशाशी बसण्यास पगारी माणूस मिळतो, पाहुण्यांस स्थानकावरून आणण्यास भाड्याची गाडी मिळते, आणि मृताच्या अंत्यविधीची सारी व्यवस्था पैसे घेऊन करणाऱ्या संस्थाही आता आमच्या शहरांत निघाल्या आहेत. ज्या ज्या प्रसंगी माणसास माणसाची गरज पडे, तो तो प्रसंग आम्ही विकत घेऊन निकालात काढला, आणि आता मित्र का उरले नाहीत म्हणून आश्चर्य करीत बसलो आहोत.

कोणी म्हणेल, शेजार आणि मैत्री एक नव्हे. हे आम्हांस मान्य आहे. परंतु मैत्री आकाशातून पडत नाही. वारंवार भेट, निष्कारण गप्पा आणि अडीअडचणीत घेतलेली व दिलेली मदत, एवढ्याच खतपाण्यावर ती वाढते. खतपाणी तोडून फळाची अपेक्षा करणारास शेतकरी जे म्हणेल तेच आम्हांसही लागू आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. जुन्या वाड्यांचे हे गोडवे गाणारे लोक त्या वाड्यांतील जाच विसरतात, असे आमच्या भगिनी म्हणतील. आणि त्या खरे तेच म्हणतील. अवेळी आलेल्या पाहुण्याचे स्वागत यजमान करीत, पण चूल पुन्हा पेटवावी लागे ती गृहिणीस. ती वाटी कोणत्या जातीच्या उंबरठ्यापर्यंत जाई आणि कोणत्या उंबरठ्याशी थांबे, हेही सर्वांस ठाऊक आहे. मुंबईत १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींत १६० चौरस फुटांच्या खोलीत कुटुंबेच्या कुटुंबे राहिली आणि मजल्यावरच्या सामाईक शौचालयांपुढे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या रांगा लावल्या. त्यांतील वरळीच्या काही रहिवाशांस २०२५ च्या ऑगस्टात ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. चाळीच्या आठवणीने त्यांच्या आनंदावर विरजण घालणे निर्दयपणाचे होईल. मग आमचे म्हणणे काय? एवढेच की, दार बंद करण्याचा हक्क मिळणे ही एक गोष्ट आणि दार कायमचे बंद ठेवणे ही दुसरी. पाहुण्याचा भार स्त्रीवर पडत असे, म्हणून पाहुणाच बंद करणे हा न्याय नव्हे. यजमानाने उठून चहा टाकणे हा न्याय होय. वाटी जातीच्या उंबरठ्याशी अडत होती, म्हणून वाटीच फोडणे ही सुधारणा नव्हे. ती पुढच्या उंबरठ्यापर्यंत नेणे ही सुधारणा होय. आम्ही दोन्ही ठिकाणी सोपी वाट धरली आणि तिला आधुनिकता हे नाव दिले.

उपकाराचे भय जसे वाढले तसेच मतभेदाचेही भय वाढले आहे. टिळक आणि आगरकर यांची गाठ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पडली. दोघांनी न्यू इंग्लिश स्कूलच्या कार्यास वाहून घेतले आणि १८८२ साली डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र काढले. पुढे सामाजिक सुधारणेच्या प्रश्नावरून फूट पडली, 'केसरी' सोडून आगरकरांनी १८८८ साली 'सुधारक' काढला, आणि दोघा मित्रांनी एकमेकांवर जी शस्त्रे चालविली ती बोथट नव्हती. तथापि १८९५ च्या जून महिन्यात आगरकर निवर्तले, तेव्हा टिळकांनी 'केसरी'त लिहिलेल्या लेखात वादाचा कडवटपणा मागे पडून जुना स्नेहच वर आलेला दिसतो. इतक्या वर्षांच्या भांडणाने जो पुरता तुटला नाही, तो स्नेह केवढा खोल असेल! आमच्या मैत्रीची खोली किती? निवडणुकीच्या दिवसांत एखाद्या मित्राने न रुचणारे चार शब्द लिहिले की, आम्ही बोटाच्या एका स्पर्शाने त्याचे नाव पुसून टाकतो. भांडण करावयासही समोर माणूस लागतो, आणि भांडण मिटवावयास तर त्याच्या घरी जावे लागते. तेवढे कष्ट कोण घेणार?

या सुखासीनतेची शेवटची पायरीही आता दिसू लागली आहे. बोलणारी यंत्रे निघाली आहेत. मध्यरात्री विचारा, ती उत्तर देतात, कंटाळत नाहीत, बहुधा आपलेच म्हणणे उचलून धरतात. पुष्कळ एकाकी जीव त्यांच्यापाशी मन मोकळे करतात, आणि आम्ही त्यांस हसणार नाही; तहानेलेल्यास कोणी हसत नाही. परंतु त्या यंत्रास कधी ताप येत नाही, त्याच्या मुलीचे लग्न ठरत नाही, त्यास आपली गरज म्हणून कधी पडत नाही. ज्यास आपली गरज नाही तो आपला मित्र कसा होणार? आपण कोणाच्या तरी उपयोगी आहोत, आपण न गेलो तर कोणाचे तरी अडेल, ही जाणीव माणसास जितकी जगविते तितके दुसरे काही जगवीत नसेल. "त्रास कशाला?" असे म्हणून आम्ही आपल्या शेजाऱ्यास त्रासातून वाचवीत नाही, या जाणिवेपासून त्यास वंचित करतो.

तेव्हा उपाय कोणता? मंडळे स्थापावी, ठराव करावे, मंत्री नेमावा, यांस आमचा विरोध नाही. परंतु ज्या गोष्टीस वर्गणी लागत नाही ती वाचकांनी आधी करावी. या आठवड्यात कोणाकडे तरी काहीतरी मागावे. मदत देण्यास निघू नये. ते सोपे आहे, आणि त्यात आपला अहंकारही सुखावतो. मागावे! शिडी मागावी, पुस्तक मागावे, लोणच्याची कृती विचारावी, आजारी पडल्यास एक खेप घालण्यास सांगावे. मागण्यात जो थोडासा कमीपणा आहे तो गिळल्यावाचून मैत्रीचे दार उघडत नाही.

आम्ही स्वतः हा प्रयोग आरंभिला आहे. मागच्या रविवारी घरात साखरेचा डबा भरलेला असता आम्ही वाटी घेऊन वर गेलो. आजी काठी टेकीत दाराशी आल्या, त्यांनी वाटीकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि आत जाऊन ती काठोकाठ भरून आणली. आमची लबाडी त्यांच्या ध्यानात आली असावी. पण त्या काही बोलल्या नाहीत. ती वाटी अद्याप आमच्याकडे आहे, आणि ती रिकामी परत करावयाची नाही.