लेपालाही मात्रा असते

पोटात घ्यावयाच्या औषधाविषयी जी एक सावध भीती आपल्या समाजात अद्याप शिल्लक आहे, ती अंगास बाहेरून लावावयाच्या औषधाच्या वाट्यास कधीच आलेली नाही. ज्या घरात तापाची साधी गोळी देण्यापूर्वी वडीलधारी मंडळी दोनदा विचार करतात आणि पोटात काही अन्न गेले आहे की नाही याची चौकशी करतात, त्याच घरात दुखऱ्या गुडघ्यावर, अवघडलेल्या मानेवर अथवा उसण भरलेल्या पाठीवर वेदनाशामक जेल बिनदिक्कत चोळले जाते, त्यावर गरम पाण्याच्या पिशवीचा शेक दिला जातो, आणि ‘वरून लावायला काय हरकत आहे’ एवढ्या एका वाक्यात सर्व शंकांचा निकाल लागतो. हा निकाल कायम राहू नये असे मला वाटते. मात्र तो फिरविताना दुसऱ्या टोकास जाऊन या औषधांची निंदा करण्याचा माझा मनोदय नाही. माझे म्हणणे उलट असे आहे की, गुडघ्याच्या व हाताच्या सांधेदुखीत आणि साध्या लचकीत गोळीच्या आधी जेलच हाती घ्यावे, परंतु ते औषध म्हणून घ्यावे, म्हणजे मोजून, मुदत ठरवून आणि आपण घेत असलेल्या इतर औषधांचा हिशेब ठेवून.

गोळीच्या आधी जेल का, याचा खुलासा त्या औषधाच्या कार्यपद्धतीतच आहे. इंग्लंडमधील शास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ साली असे दाखवून दिले की, ॲस्पिरिन आणि तिच्या जातीची औषधे शरीरातील प्रोस्टाग्लँडिन नामक द्रव्यांची निर्मिती रोखतात व त्यायोगे दाह आणि वेदना शमवितात. पुढे १९८२ चे नोबेल पारितोषिक त्यांना इतर दोघांसमवेत विभागून मिळाले. परंतु वेदनेच्या ठिकाणी उपद्रवी ठरणारी हीच द्रव्ये जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा सांभाळतात, आणि पोटात गेलेली गोळी गुडघ्यातली तेवढी रोखून जठरातली सोडून देईल, असा विवेक तिच्या ठायी नसतो. आपल्याकडे सर्वत्र विकल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकचे जेल लावले असता रक्तात उतरणारा अंश गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्के इतकाच असतो. ज्याच्या जठरास, हृदयास वा मूत्रपिंडास गोळी सोसत नाही अशा वृद्ध माणसाच्या दृष्टीने हा फरक फार मोठा आहे, आणि म्हणूनच ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २०२२ साली गुडघ्याच्या झिजेच्या संधिवातासाठी व्यायामाच्या जोडीला औषध हवेच असेल तर प्रथम लेपाचा विचार करावा, अशी शिफारस केली.

त्याचा गुण किती येतो, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे; कारण जाहिरातीत क्षणार्धात उठून धावणारा माणूस पाहून ज्यांची अपेक्षा बेसुमार वाढलेली असते, त्यांची निराशाही तितकीच मोठी असते. अनेक चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या समीक्षेत असे आढळले की, ताज्या लचकीत व मुक्या मारात डायक्लोफिनॅकचे जेल लावणाऱ्या शंभरांपैकी सुमारे ७८ जणांची वेदना आठवड्याभरात निम्म्याने तरी उतरली, तर औषधविरहित जेल लावणाऱ्यांत हेच प्रमाण २० होते. परंतु दीर्घकाळच्या सांधेदुखीत तोच हिशेब ६० विरुद्ध ५० असा भरला. म्हणजे जुनाट गुडघेदुखीत दहा माणसांनी जेल लावले तर खास औषधामुळे लाभ होणारा त्यांत एक. हा आकडा काहींना क्षुल्लक वाटेल. मला तो प्रामाणिक वाटतो, आणि सहा टक्क्यांपुरतेच औषध रक्तात जाऊ देऊन मिळणारा हा लाभ सोडून देण्यासारखा खचितच नाही.

आता खरा प्रश्न मात्रेचा. अमेरिकेत डायक्लोफिनॅकचे १ टक्क्याचे जेल २०२० साली डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास मुभा मिळाली, तेव्हा त्याच्या खोक्यात एक मोजपट्टी घालण्याची पद्धत कायम ठेवण्यात आली. गुडघा, घोटा व पाऊल यांसाठी एका वेळी ४ ग्रॅम, म्हणजे पट्टीवर सुमारे साडेअकरा सेंटिमीटर लांबीची रेघ. कोपर, मनगट व हात यांसाठी २ ग्रॅम, म्हणजे त्याच्या निम्मी. दिवसातून चार वेळा. सर्व अंगास मिळून दिवसाला ३२ ग्रॅमच्या वर नाही. आणि डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून सलग २१ दिवसांहून अधिक नाही. आपल्याकडील नळीवर १.१६ टक्के असा आकडा पाहून ते अधिक जहाल असावे असा ग्रह होतो, परंतु तो केवळ क्षाराच्या प्रकारातील भेद आहे, शक्ती तीच. या हिशेबाने एका गुडघ्यास दिवसाला १६ ग्रॅम लागतात आणि ३० ग्रॅमची नळी दोन दिवसही पुरत नाही. ब्रिटनमधील सूचना २ ते ४ ग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा, अशी किंचित सैल आहे, तरी निवृत्तिवेतनावर गुजराण करणाऱ्या गृहस्थास तीही परवडेलच असे नाही. त्यामुळे आपल्याकडे दोन्ही प्रकारचे दोष एकाच वेळी नांदतात: एकीकडे वाटाण्याएवढा थेंब रात्री निजताना वर्षभर लावून ‘गुण येत नाही’ अशी तक्रार करणारे, आणि दुसरीकडे मान, पाठ, दोन्ही गुडघे व पोटऱ्या एकाच बैठकीत माखून काढणारे. पहिल्यांना औषध पोचतच नाही आणि दुसऱ्यांना ते लेप न राहता जवळजवळ गोळी होऊन बसते. पाठीच्या बाबतीत तर आणखी एक अडचण आहे: पाठीचा कणा, खुबा व खांदा यांवरील उपयोग तपासला गेलेला नाही असे अमेरिकेतील त्या औषधाच्या पत्रकातच नमूद आहे, आणि खुब्याचा सांधा मांसाच्या इतक्या थरांखाली असतो की कातडीवरून औषध तिथवर जाण्याची आशा करणेच व्यर्थ. गुडघा आणि बोटांचे सांधे कातडीच्या जवळ, म्हणून यश तिथे.

दुसरी गोष्ट मिश्रणाची, आणि इथे माझे मत थोडे कडक आहे. आपल्या दुकानांत मिळणाऱ्या पुष्कळशा जेलांत डायक्लोफिनॅकच्या जोडीला मिथाइल सॅलिसिलेट, मेंथॉल आणि जवसाचे तेल असा चौपदरी संसार असतो. मेंथॉल कातडीतील थंडाव्याची जाणीव चाळवून वेदनेवरचे लक्ष काही काळ उडविते, दाह कमी करीत नाही. झोंबले म्हणजे औषध चढले, ही आपली समजूत त्यानेच पोसली आहे. मिथाइल सॅलिसिलेट, म्हणजे गंधपुऱ्याच्या तेलातील मुख्य द्रव्य, हे ॲस्पिरिनचे सख्खे भावंड होय. त्याच्या शुद्ध तेलाच्या एका चहाच्या चमच्यात सुमारे ७ ग्रॅम ॲस्पिरिनइतके सामर्थ्य असते, आणि रांगत्या मुलाच्या हाती ती बाटली लागणे हा प्राणावरचा प्रसंग ठरू शकतो. रक्त पातळ ठेवणारे वॉर्फरिन घेणाऱ्या माणसाने असा लेप नेमाने चोळला तर रक्तस्रावाचा धोका वाढल्याच्या घटना वैद्यकीय वाङ्मयात नोंदल्या आहेत. न्यूयॉर्कमध्ये २००७ साली एका १७ वर्षांच्या धावपटू मुलीचा मृत्यू अंगात साचलेल्या मिथाइल सॅलिसिलेटमुळे झाल्याचा निर्वाळा तेथील शवचिकित्सकांनी दिला होता. अशी घटना अतिशय विरळ, हे खरे. पण ज्यास केवळ डायक्लोफिनॅकची गरज आहे त्याने केवळ डायक्लोफिनॅकचीच नळी मागावी, हे सांगण्यास तेवढी विरळ घटनाही पुरेशी आहे.

डायक्लोफिनॅक हे मामुली द्रव्य नव्हे, याची साक्ष आपल्या आकाशानेच दिली आहे. जनावरांना टोचलेले हे औषध त्यांच्या कलेवरांतून गिधाडांच्या पोटात गेले, त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली, आणि भारतातील काही जातींची नव्वद टक्क्यांहून अधिक गिधाडे नाहीशी झाल्यावर २००६ साली पशुवैद्यकीय वापरासाठी त्याची निर्मिती बंद करण्यात आली. माणूस म्हणजे गिधाड नव्हे. तथापि ज्याचे मूत्रपिंड आधीच थकले आहे, जो रक्तदाबाच्या व लघवी वाढविणाऱ्या गोळ्यांवर आहे, आणि जो जेलच्या जोडीला त्याच जातीची गोळीही खातो, त्याने हा हिशेब डॉक्टरांपुढे मांडल्याशिवाय राहू नये. आषाढीच्या वाटेवर थकलेल्या वारकऱ्याचे पाय चोळून देणारे सेवेकरी जे करतात ते पुण्यकर्मच आहे. फक्त त्या पायांच्या धन्याने सकाळी कोणती गोळी घेतली, एवढे विचारण्याचा दस्तूर त्यात भर म्हणून पडावा. ॲस्पिरिनने ज्यांना दमा उसळतो त्यांनी हा लेप टाळावा, आणि गर्भवतीने, विशेषतः पाचव्या महिन्यापासून पुढे, डॉक्टरांना विचारल्यावाचून लावू नये.

लावण्याची रीत थोडक्यात सांगता येते. जखमेवर, इसबावर वा डोळ्यांजवळ नको; लावल्यावर घट्ट पट्टी किंवा शेक नको, कारण उष्णतेने औषध अधिक वेगाने आत शिरते आणि मेंथॉलयुक्त लेपाखाली कातडी भाजल्याचेही आढळले आहे; हात धुवावेत, हातांवरच लावले असेल तर तासाभराने. ताज्या मुरगळीवर जोराने रगडण्याची आपली जुनी हौस सोडावी. जेल हलक्या हाताने पसरले की पुरे. याच जातीच्या कीटोप्रोफेन या दुसऱ्या औषधाच्या जेलबाबत युरोपच्या औषध संस्थेने २०१० साली असे बजावले आहे की, ते लावलेला भाग वापर चालू असताना आणि थांबविल्यानंतर दोन आठवडे उन्हापासून झाकून ठेवावा, अन्यथा कातडीवर तीव्र पुरळ उठू शकते. ऊस तोडणाऱ्या किंवा कापूस वेचणाऱ्या हातांना हे कोणी सांगितलेले मी तरी ऐकलेले नाही. आणि छातीतून डाव्या हाताकडे सरकणारी कळ, एकाच पोटरीची अचानक सूज, अथवा तापासह लाल व गरम झालेला सांधा यांपुढे कुठल्याही नळीचे झाकण उघडू नये. थेट रुग्णालय गाठावे.

लेपाच्या नळ्या आपल्याकडे चिठ्ठीवाचून मिळतात, आणि त्यास माझी हरकत नाही. गुडघेदुखीसाठी प्रत्येक वेळी दवाखान्याच्या रांगेत उभे राहावे अशी सक्ती अन्यायाची होईल. परंतु जी वस्तू दुकानदार चिठ्ठी न मागता विकतो, तिच्यासंबंधीची माहिती तरी गिऱ्हाइकाच्या भाषेत असावी, ही मागणी वावगी म्हणता येणार नाही. आजची सूचना बहुधा इंग्रजीत, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत आणि नळीच्या दुमडलेल्या कडेवर असते. सरकारने उत्पादकांना एवढाच हुकूम द्यावा की, खोक्याच्या एका बाजूवर मराठीत औषधाचे नाव, दिवसांची मर्यादा, मूत्रपिंड, दमा, गर्भावस्था व रक्त पातळ करणारी औषधे यांविषयीचा इशारा आणि दोन रेघा छापाव्यात, एक साडेअकरा सेंटिमीटरची गुडघ्यासाठी आणि तिच्या निम्मी हातासाठी. तीस ग्रॅमच्या नळीचे खोके एवढ्या लांबीचे सहज असते.