विमा एक, ठेकेदार अनेक, भरपाई कोणाकडून?

सह्याद्रीच्या पायथ्याशी असलेले कर्जत आणि खालापूर हे तालुके गेल्या काही वर्षांत बांधकामांनी गजबजले आहेत. खोपोली ते कुसगाव हा मुंबई-पुणे द्रुतगती महामार्गाचा १३.३ किलोमीटरचा 'मिसिंग लिंक' आणि त्यातील सुमारे ८.९ किलोमीटरचा बोगदा, २९.६ किलोमीटरचा पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्ग आणि त्यावरील वावर्ल्याचा सव्वीसशे मीटरचा बोगदा ही त्यातली मोठी नावे. त्याखेरीज नेरळ, कर्जत, चौक परिसरात गृहसंकुले, बंगले आणि 'सेकंड होम' उभी राहात आहेत ती वेगळीच. काम लहान असो वा मोठे, रचना एकच असते. मालक, मुख्य ठेकेदार, त्याखाली पोटठेकेदार, त्याखाली मजूर पुरविणारा मुकादम आणि सर्वांत खाली कामगार. अपघात झाला की भरपाईचा प्रश्न याच उतरंडीवर वरखाली हेलपाटे घालू लागतो.

शहापूर तालुक्यातील सरलांबे येथे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे समृद्धी महामार्गाच्या कामावर गर्डर बसविणारे यंत्र कोसळून २० जणांचा मृत्यू झाला, तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना प्रत्येकी पाच लाख रुपयांची मदत जाहीर केली. ही मदत सरकारी तिजोरीतून. ठेकेदाराची कायदेशीर जबाबदारी तिच्याने संपत नाही, विमा कंपनीची तर नाहीच.

मोठ्या प्रकल्पांसाठी आपल्याकडे 'काँट्रॅक्टर्स ऑल रिस्क' ही पॉलिसी रूढ आहे. ती बहुधा मालक व मुख्य ठेकेदार यांच्या संयुक्त नावे घेतली जाते आणि पोटठेकेदारांनाही तिच्यात सामावून घेता येते. पहिल्या भागात प्रत्यक्ष बांधकामाचे नुकसान, तर दुसऱ्यात त्रयस्थांचे नुकसान. नाव 'ऑल रिस्क' असले तरी अपवादांची यादी लांबलचक असते. साधारण प्रचलित मसुद्यात सुरुंगाच्या हादऱ्यांनी किंवा जमिनीचा आधार सुटल्याने शेजारच्या घरांना पोहोचणारी हानी दुसऱ्या भागातून वगळलेली असते. ती हवी असल्यास ज्यादा हप्ता भरून स्वतंत्र कलम जोडून घ्यावे लागते. डोंगर पोखरून बोगदे काढण्याच्या या पट्ट्यात हे कलम आहे की नाही, यावर पायथ्याच्या वाडी-वस्तीची भरपाई अवलंबून असते. वाडीतल्या माणसाला मात्र ती पॉलिसी पाहायलाही मिळत नाही.

ठेकेदारांच्या स्वतःच्या कामगारांना होणारी इजाही याच दुसऱ्या भागातून वगळलेली असते. त्यासाठी ज्याने त्याने कामगार भरपाईचा वेगळा विमा घ्यायचा. अमेरिकेत 'रॅप-अप' नावाने ओळखली जाणारी पद्धत नेमकी येथे वेगळी ठरते. तेथे मालक किंवा मुख्य ठेकेदार एकच विमा कार्यक्रम घेतो, नोंदणी केलेल्या सर्व पोटठेकेदारांची त्रयस्थ-जबाबदारी आणि बहुधा त्यांच्या कामगारांची भरपाईही त्यात येते आणि पोटठेकेदार आपल्या निविदेतून हप्त्याची रक्कम वजा करतो. अर्थात तेथेही सारे आलबेल नाही. ज्याची नोंदणी राहून गेली तो छत्राबाहेर, आणि करारातील क्षतिपूर्तीचे कलम विम्याच्या मर्यादेहून मोठे असेल तर फरक पोटठेकेदाराच्या माथी. स्वतःच्या चुकीचा भार दुसऱ्यावर ढकलणाऱ्या अशा कलमांवर तेथील अनेक राज्यांनी कायद्याने बंधने घातली आहेत.

आपल्याकडे बांधकाम करारांसाठी तसा खास कायदा नाही. भारतीय करार कायदा, १८७२ मधील कलम १२४ आणि १२५ यांवरच भिस्त आहे. या कलमांचा अर्थ लावणारा प्रसिद्ध निवाडाही मुंबईतल्याच एका भूखंडावरील बांधकामातून उद्भवला, हा योगायोग लक्षणीय आहे. 'गजानन मोरेश्वर पारेळकर विरुद्ध मोरेश्वर मदन मंत्री' या १९४२ च्या खटल्यात न्या. छागला यांनी स्पष्ट केले, की क्षतिपूर्तीचे वचन मिळालेल्याने आधी स्वतःच्या खिशातून पैसे भरून मगच दाद मागावी, असे नाही. त्याची देणेदारी निश्चित झाली की वचन देणाऱ्याने ती फेडावी, अशी मागणी तो करू शकतो. लहान पोटठेकेदाराला मुख्य ठेकेदाराच्या छापील करारावर सही करताना या वाक्याचे वजन क्वचितच ठाऊक असते. दावा उभा राहताच त्याची अडवून ठेवलेली बिले वळती होतात.

विमा कंपनीने पैसे दिले तरी प्रकरण मिटतेच असेही नाही. भरपाई दिल्यानंतर कंपनी विमाधारकाच्या जागी येऊन दोषी पक्षाकडून वसुली करू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१० मध्ये हे तत्त्व तपशीलवार मांडले आहे. म्हणजे पॉलिसीत ज्याचे नाव नाही आणि वसुलीचा हक्क सोडल्याचे कलमही नाही, त्या पोटठेकेदाराच्या दारात एक दिवस विमा कंपनीचीच नोटीस येऊन पडते.

कामगाराच्या बाजूने कायदा तुलनेने सरळ आहे. १९२३ च्या कामगार भरपाई कायद्याच्या कलम १२ नुसार तो थेट मुख्य मालकाकडे भरपाई मागू शकत असे आणि मालकाने ती ठेकेदाराकडून वसूल करायची. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. पण त्यात एक मेख आहे. काम मालकाच्या 'व्यापार-व्यवसायाचा' भाग असावे लागते. मुंबई-पुण्याच्या एखाद्या कुटुंबाने कर्जतला स्वतःसाठी बंगला बांधायला काढला, तर ते कुटुंब या व्याख्येत सहसा बसत नाही. उरतो तो ठेकेदार, आणि त्याने विमा उतरवला आहे की नाही हे सहसा कोणी विचारलेले नसते.

सदनिका घेणाऱ्यांसाठी २०१६ च्या 'रेरा' कायद्यात कलम १६ आहे. जमिनीची मालकी आणि बांधकाम यांचा विमा विकासकाने उतरवावा, हप्ता भरावा आणि संस्था स्थापन झाल्यावर विम्याची कागदपत्रे तिच्याकडे सोपवावीत, असे ते सांगते. मात्र कोणते विमे, हे राज्य सरकारने अधिसूचित करायचे. कलम १४ खाली बांधकामातील दोष ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दाखवून दिल्यास विकासकाने तीस दिवसांत विनामूल्य दुरुस्त करायचा आहे. पण बांधकामकाळातील 'ऑल रिस्क' पॉलिसी काम पूर्ण होताच, फार तर ठरलेल्या देखभाल-मुदतीअखेर संपते. उरलेल्या वर्षांत घरमालकाच्या हाती राहते ती विकासकाची पत. पाचशे चौरस मीटरपर्यंतचे भूखंड किंवा आठपर्यंतच्या सदनिका असलेल्या प्रकल्पांना तर नोंदणीच सक्तीची नाही, आणि त्यामुळे नेरळ-कर्जतच्या आडबाजूला उठणाऱ्या कित्येक छोट्या इमारती या कलमांच्या कक्षेतच येत नाहीत.