मालक बदलले, खान्देश पडद्याबाहेरच

रिलायन्स आणि डिस्ने यांच्या माध्यम व्यवसायांचे विलीनीकरण 14 नोव्हेंबर 2024 रोजी पूर्ण झाले. त्यातून उभ्या राहिलेल्या 70,352 कोटींच्या संयुक्त कंपनीत रिलायन्सने 11,500 कोटी रुपये घातले. नीता अंबानी तिच्या अध्यक्ष झाल्या. शेअर बाजाराला यात नफा दिसेल. जळगाव-धुळ्याने मात्र एकच विचारावे: या पैशातला एक रुपया तरी खान्देशच्या गोष्टीवर खर्च होणार आहे काय?

आजवरचा अनुभव 'नाही' असेच सांगतो. 'स्टार प्रवाह' 2008 मध्ये सुरू झाली तेव्हा ती रूपर्ट मर्डोक यांच्या समूहाची होती. 2019 मध्ये ती डिस्नेकडे गेली आणि आता सूत्रे रिलायन्सकडे आली. हैदराबादच्या रामोजी समूहाने सुरू केलेली 'ईटीव्ही मराठी' 2015 मध्ये 'कलर्स मराठी' झाली. या व्यवहारात तीही नव्या कंपनीत आली. स्पर्धा आयोगाने काही वाहिन्या विकण्याच्या हमीवर मंजुरी दिली, म्हणजे आणखी मालक बदलतील. घराघरांत केबल पोहोचवणाऱ्या हॅथवे आणि डेन या कंपन्यांतही रिलायन्सने 2018 मध्येच मोठा हिस्सा घेण्याचे जाहीर केले होते. चित्र आणि चित्र आणणारी तार, दोन्ही एकाच दिशेने निघाली आहेत.

यात खान्देश कुठे आहे? फक्त रिचार्ज करणाऱ्यांच्या यादीत.

टीआरपी मोजताना महाराष्ट्र आणि गोवा ही एकच बाजारपेठ धरली जाते. त्या आकड्यांत शिरपूर, अमळनेर, चोपडा वेगळे दिसतच नाहीत. जाहिरातदार शहरी प्रेक्षक मागतो, असे वाहिन्या सांगतील. पण साबण, बियाणे, दुचाकी भुसावळ आणि दोंडाईचातही खपतात. त्या खपातूनच मालिकांचा खर्च निघतो. पैसा इथून जातो आणि पडद्यावर इथली भाषा येते ती नोकराच्या किंवा विनोदी पात्राच्या तोंडी. हे संतापजनक आहे.

2011च्या जनगणनेत खान्देशी (अहिराणी धरून) भाषकांची संख्या साडेअठरा लाखांवर होती; 2001 मध्ये ती वीस लाखांहून अधिक होती. वेल्समध्ये वेल्श बोलणारे साडेपाच लाखही नाहीत, तरी तिथे 1982 पासून 'एस4सी' ही स्वतंत्र वाहिनी चालते. ती सहज मिळाली नाही. ब्रिटिश सरकारने दिलेला शब्द फिरवला तेव्हा वेल्श राष्ट्रवादी नेते ग्विनफर एव्हान्स यांनी आमरण उपोषणाचा इशारा दिला आणि सरकार नमले. आज तिचा मुख्य निधी लोकांच्या परवाना शुल्कातून येतो. तिथल्या भाषेचे भवितव्य जाहिरातदाराच्या मर्जीवर सोडलेले नाही.

आपल्याकडे सार्वजनिक पैसा नाही असे नव्हे. प्रसारभारतीच्या पायाभूत सुविधांसाठी केंद्राने जानेवारी 2023 मध्ये 2,539 कोटींची योजना मंजूर केली. जळगावात 1976 पासून आकाशवाणी केंद्र आहे. पण दूरदर्शन मराठी माणसाला भेटते ते मुंबईतून, 'सह्याद्री'वरून.

इथे माणसांची वानवा आहे, हे कुणी सांगू नये. शेजारच्या मालेगावात शेख नासिर यांनी 2000 मध्ये साध्या व्हिडिओ कॅमेऱ्यावर 'मालेगाव के शोले' उभा केला. तिथल्या यंत्रमाग कामगारांनी पडद्यावर नायक रंगवले. अहिराणी गाण्यांना आणि प्रहसनांना यूट्यूबवर प्रचंड प्रेक्षक आहे. निर्माते आहेत, कलावंत आहेत, प्रेक्षक आहेत. नाही तो फक्त हक्काचा निधी.

20 नोव्हेंबर 2024 रोजी विधानसभेचे मतदान झाले. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या आमदारांनी आता लेखी शब्द द्यावा: 'सह्याद्री'वर रोज अर्धा तास अहिराणीचा आणि त्याच्या निर्मितीसाठी जळगावातच कार्यक्रम कक्ष. राज्याच्या सांस्कृतिक खात्याने त्याचा खर्च पुढच्याच अर्थसंकल्पात धरावा. नव्या कंपनीनेही मराठी वाहिन्यांवर खान्देशात चित्रित होणाऱ्या, खान्देशी लेखकांनी लिहिलेल्या किमान एका मालिकेची घोषणा करावी. अमळनेरला फेब्रुवारी 2024 मध्ये साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावर बसलेल्या प्रत्येक नेत्याकडे मतदारांनी याचा जाब मागावा.