सागवानाचा सोस

आमच्या बँकेत कर्ज मागायला माणूस आला की आम्ही त्याला तीन गोष्टी विचारतो. कशासाठी हवे, किती हवे, आणि बुडाले तर काय? लाकडाच्या वखारीत शिरणाऱ्या मराठी माणसाला असले काही विचारण्याची सोय नाही. तो उंबऱ्यावरूनच ओरडतो, "सागवान आहे का हो?" मग त्याला पाळणा करायचा असो की पोळपाट. लाकूड आधी ठरते, वस्तू मागाहून.

प्रस्तुत लेखाचा हेतू बदनामीचा आहे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. सागवानाच्या नव्हे, ते बिचारे झाड आहे. बदनामी करायची आहे ती त्याच्या भक्तमंडळाची. त्यात आमचे मेव्हणे येतात, सोसायटीचे सेक्रेटरी येतात, आणि गेल्या दिवाळीपर्यंतचा मीही येतो.

गोष्ट सुरू झाली भिंतीवरच्या एका फळीवरून. पूर्वी फळी लावायची म्हणजे खाली दोन लोखंडी ब्रॅकेट ठोकायचे, वर फळी टाकायची आणि फळीवर जे मावेल ते ठेवायचे. हल्ली ते ब्रॅकेट दिसता कामा नये. फळी भिंतीतून आपोआप उगवल्यासारखी दिसली पाहिजे. तिला फ्लोटिंग शेल्फ म्हणतात. मी त्रिशंकू फळी म्हणतो. फरक इतकाच, की त्रिशंकूला अधांतरी टांगायला विश्वामित्राने सारी तपश्चर्या पणाला लावली होती. आम्हाला फळी विकणाऱ्या दुकानदाराने चार स्क्रू दिले.

दुकान मोठे होते. बिलावर स्वच्छ लिहिले होते, 'हार्डवुड फिनिश'. मी बी. कॉम. आहे, छापील कागदावरचा प्रत्येक शब्द वाचायची मला सवय आहे. पण त्या दिवशी मी पहिलाच शब्द वाचला. दुसरा शब्द पौषातल्या एका रात्री अडीच वाजता मोठ्याने ऐकू आला. फळी, चारही स्क्रू आणि भिंतीचा गिलावा यांच्यासह आमच्या अण्णांची पुस्तके दिवाणावर कोसळली. त्या दिवाणावर आमचा धाकटा झोपतो. त्या रात्री तो मामाकडे गेला होता. यावर विनोद करण्याचा मी बराच प्रयत्न केला, अजून जमलेला नाही.

सकाळी फळी उलटी करून पाहिली. वरून लाकडाचा पापुद्रा आणि आत दाबलेला भुसा. दुकानदार म्हणाला, "साहेब, आम्ही फिनिश म्हटलं होतं." त्याचे खरेच होते. फळी फिनिश झालीच होती.

मग मी त्या 'हार्डवुड' शब्दाच्या मागे लागलो, आणि असे कळले की त्या शब्दावर कर्ज देणे धोक्याचे आहे. वनस्पतिशास्त्रवाले रुंद पानांच्या झाडांच्या लाकडाला सरसकट हार्डवुड म्हणतात. ते हाताला कठीण लागते की नाही याच्याशी त्यांचा संबंध नाही. त्यामुळे ज्याच्या आगकाड्या होतात ती सावर हार्डवुड, आणि ज्याची सावंतवाडीला खेळणी आणि रंगीत लाकडी फळे करतात तो हलकाफुलका पांगाराही हार्डवुड. उलट हिमालयात ज्याची देवळे बांधली तो देवदार मात्र सॉफ्टवुड! थोडक्यात, 'हार्डवुड आहे' या वाक्याला 'खातेदार मनुष्यप्राणी आहे' यापेक्षा जास्त अर्थ नाही. पत कळत नाही.

"म्हणून तर म्हणतो भाऊजी, डोळे मिटून सागवान घ्या," आमचे मेव्हणे म्हणाले. मेव्हण्यांच्या घरात चपलांचे स्टँडही सागवानी आहे. चपला अर्थात रेक्झिनच्या.

डोळे मिटून! अहो, डोळे मिटून माणसाने देवाला नमस्कार करावा, नाहीतर घोरावे. लाकूड कसले घेता?

सागाची थोरवी मला मान्य आहे. १८१७ साली मुंबईच्या गोदीत वाडियांनी मलबारी सागात 'ट्रिंकोमाली' नावाची युद्धनौका बांधली. ती आजही इंग्लंडात हार्टलपूलला पाण्यावर उभी आहे. दोनशे वर्षांहून जास्त झाली. आमच्या विदर्भातला साग तर २०२३ साली अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठी गेला. सागाच्या अंगात तेल असते, वाळवी त्याला तोंड लावत नाही, आणि ओल्यासुक्याने तो फारसा फुगत-आकसत नाही. म्हणून जहाजाला साग, पावसाचा मारा खाणाऱ्या खिडकीला साग, दाराच्या चौकटीला साग. हे समजू शकतो. पण माझी फळी कुठे समुद्रात उभी राहणार आहे? आमच्या दिवाणखान्यात पाणी येते ते फक्त वरच्या मजल्यावरच्यांची मोरी गळते तेव्हा, आणि तेसुद्धा दुसऱ्या भिंतीवर.

बरे, ही सगळी कीर्ती सागाच्या गाभ्याची आहे. बाहेरच्या पांढऱ्या लाकडाला कीड लागते, कोणत्याही ऐऱ्यागैऱ्या लाकडाला लागते तशीच. लागवडीचा कोवळा साग कापला की त्यात पांढरे भरपूर आणि गाभा बेताचा. ब्रह्मदेशाने २०१४ साली अख्खे ओंडके बाहेर पाठवणे बंद केले. तेव्हापासून आफ्रिकेतला, दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा साग आपल्याकडे जास्तच येतो. त्यात चांगलाही असतो. पण वखारीतला माणूस 'सागवान' म्हणाला की आमचा गडी फळी उलटी करूनसुद्धा पाहत नाही. वडील हायकोर्टात जज्ज होते म्हणून मुलाला जामीन राहावे, तसला हा प्रकार. वडलांची पुण्याई गाभ्यात असते. मुलगा पांढरा असू शकतो.

आता आपण शांतपणे हिशेब करू. (हिशेबात मला पुरे मार्क होते. कॉस्टिंगने घात केला.) फळी तीन फूट लांब, नऊ इंच रुंद आणि दीड इंच जाड. म्हणजे पाव घनफुटाहून किंचित जास्त लाकूड. सागाची असली तर तिचे स्वतःचेच वजन साधारण पाच किलो. ऐनाची किंवा शिसवीची केली तर सहा-सात किलो. ताकदीला ही मंडळी सागाला हार जाणारी नाहीत. पण ऐन वाळताना तडकतो, शिसवीचा भाव ऐकून माणूस तडकतो, आणि मुख्य म्हणजे त्रिशंकू फळीला आपले वजनही खिशातूनच भरावे लागते. खाली आधार नाही. सगळा भार भिंतीत शिरलेल्या सळ्यांवर. लांबवलेल्या हातावर बादली धरून उभे राहा, म्हणजे त्या सळ्यांचे हाल कळतील.

त्यावर ठेवायचे काय? अण्णांची पुस्तके मी वजनकाट्यावर मोजली. आधी नुसता मी, मग पुस्तके घेऊन मी. फरक एकतीस किलो. ("नुसते तुम्ही किती?" असे ही मागून विचारत होती. तो आकडा या लेखात अप्रस्तुत आहे.) म्हणजे प्रश्न वाळवीचा नव्हताच, बाकाचा होता. आणि बाकाच्या बाबतीत लाकडाच्या जातीपेक्षा जाडी जास्त बोलते. जाडी दुप्पट केली की फळी आठपट ताठ होते. इंचाची सव्वा इंच केली तरी ताठपणा जवळजवळ दुप्पट. हे चक्रवाढ व्याजापेक्षा बरे आहे. तेव्हा इंचभर जाडीच्या मिजासखोर सागापेक्षा दीड इंची साधे, पुरते वाळलेले, गाठ नसलेले गाभ्याचे लाकूड केव्हाही जास्त भार सोसते. ते आंब्याचे नको, त्यात कीड शिरली की फळीखाली रोज पिठाची रांगोळी. पण शिवण चालेल, आणि फणस तर उत्तम चालेल.

"फणस?" मेव्हणे म्हणाले. 'जेलची भाकरी?' असे म्हणावे तसे म्हणाले.

हो, फणस. कोकणात दारे-खिडक्या फणसाच्या, पाट फणसाचे, देव्हारे फणसाचे. तंजावरची वीणा फणसाच्या लाकडाची. वाळवी त्याच्याही वाटेला सहसा जात नाही. वजनाला सागाच्या आसपास, ताकदीत थोडा उणा. ती उणीव पाव इंचाने भरून निघते. १९६४ च्या वृक्षतोडीच्या कायद्यात महाराष्ट्र सरकारने परवानगीवाचून तोडायची नाहीत म्हणून जी झाडे नोंदली, त्यांत सागाच्या पंगतीला फणस बसलेला आहे. सरकारने बसवला, डोंबिवलीत आमच्या सेक्रेटरींनी अजून बसवलेला नाही.

एवढे फणसाचे वकीलपत्र मी घेतले, त्याचे कारण आता सांगायला हरकत नाही. ३ जून २०२० रोजी निसर्ग वादळ आले तेव्हा आमचे दापोली तालुक्यातले घर जागेवर राहिले, पण मागच्या अंगणातला फणस मुळासकट आडवा झाला. तो आजोबांनी लावलेला. अण्णांनी तो जळणाला जाऊ दिला नाही. त्या लॉकडाउनच्या दिवसांत, पंच्याहत्तरीच्या वयात, कोणाकोणाचे पाय धरून त्यांनी तो कापून घेतला आणि फळ्या पडवीत रचल्या. दोन फळ्यांमध्ये पट्ट्या घालून, हवा खेळेल अशा. मी फोनवर म्हटले, "अण्णा, काय करायचंय ते लाकूड?" ते म्हणाले, "आत्ता काही नाही. वाळू दे." पुढच्या वर्षी ते गेले. फळ्या वाळत राहिल्या. इंचाला एक वर्ष, असा वाळण्याचा जुना ठोकताळा आहे. आमच्या फळ्यांनी मुदत केव्हाच पूर्ण केली होती. खातेदारच काढायला आला नव्हता. तो शहरात सागवानाची चौकशी करत हिंडत होता, आणि शेवटी भुसा विकत घेऊन आला.

दोन फळ्या एस. टी.च्या टपावरून आणल्या असत्या, पण हल्ली टपावर चढवू देत नाहीत. टेम्पोचे भाडे दिले. भाडे ऐकून ही म्हणाली, "यात सागवान आलं असतं." आले असते.

मेस्त्री म्हातारे होते आणि त्रिशंकू फळीच्या मुळातच विरोधात. "ब्रॅकेट लावा की साहेब. लाज कसली?" मी म्हटले, घरच्यांची हौस आहे. मग त्यांनी फळी बोटांनी टकटक वाजवून पाहिली, एका टोकाला डोळा लावून बाक पाहिला, कडेचे पांढरे लाकूड करवतीने काढून टाकले. स्वयंपाकघराकडची चार इंची भिंत नाकारून त्यांनी बाहेरची नऊ इंची विटांची भिंत घेतली, म्हणजे दिवाण आपोआप सुटला. मागच्या कडेला भोके पाडून सळ्या आत बसवल्या. रंधा मारताना घरभर पिवळे भुगे उडाले. फणस ताजा रंधलेला हळदीसारखा दिसतो, मग हळूहळू तांबूस-तपकिरी होत जातो. खालची बाजू रंधायला घेतली तेव्हा मी त्यांचा हात धरला. तिथे खडूने अण्णांच्या अक्षरात लिहिले होते, 'फणस. ३-६-२०. दक्षिणेकडची बाजू.'

"पॉलिशखाली राहील का हे?" मी विचारले.

"पॉलिश पुसून टाकेल. खालून नाही मारत," ते म्हणाले, आणि त्याचे पन्नास रुपये कमी घेतले.

पाऊस होऊन गेला, पुस्तके वर आहेत. मी फळीखाली दोरी धरून बाक मोजला. मोजण्यासारखा काही निघाला नाही. फळी आता पुष्कळ काळवंडली आहे. गणपतीला मेव्हणे आले होते. त्यांनी फळीवर टिचकी मारली, मान तिरकी केली आणि म्हणाले, "शेवटी ऐकलंत म्हणायचं माझं. सीपी टीक ना?" मी त्यांना खाली वाकून वाचायला सांगितले. गुडघ्यांमुळे त्यांना वेळ लागला.

परवा त्यांचा फोन आला. बराच वेळ पावसापाण्याचे बोलून झाल्यावर म्हणाले, "भाऊजी, गावाला अजून फळ्या आहेत का हो?"

मी विचारले, "कशासाठी हव्यात, आणि किती?"